तोंडानं सांग

"पण अप्पा, पोर्टलमध्ये चूक कुठं आहे?"

मन्मथ बिराजदारांनी पुन्हा तेच विचारलं. सरकार निराधारांना दरमहा देतं त्या पगाराचं काम ऑनलाइन करून तहसिलातली खिडकी बंद करणारे साहेब ते. त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. आता मात्र माणसं खिडकीऐवजी अप्पा स्वामींच्या मठाच्या ओसरीवर गाऱ्हाणी घेऊन बसत होती, आणि ते साहेबांच्या डोळ्यांत सलत होतं.

अप्पा विभूतीचा डबा पुसत राहिले.

"अर्ज आता पडून राहत नाही, लगेच निकाली निघतो. पूर्वी खिडकीवरचा कारकून नुसता खेकसायचा लोकांवर."

"निदान खेकसायचा तरी..."

अप्पांनी ओसरीकडं बघून हाक मारली. भिंतीला धरत इरव्वा आत आली. थकलेली विधवा, एकुलती लेक सासरी. पावसाळ्यात तिचा पगार बंद झाला होता.

"हिचं काय झालं, सांग."

साहेबांनी फोनवर तिचा अर्ज काढला आणि तिच्यापुढं धरला.

अप्पांनी स्क्रीनवर तळहात ठेवला. "तिला वाचता येत नाही. तोंडानं सांग."

"अपात्र दाखवतंय."

"का?"

साहेबांनी खाली-वर बघितलं. कारण कुठंच नव्हतं. कारणासाठी जागाच आपण ठेवली नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं.

"ते... यंत्रणा ठरवते, अप्पा."

"मग यंत्रणेला बोलाव."

इरव्वा पुढं सरकली. "साहेब, मिळायचा नसंल तर नाही म्हणा. मी रोज बँकेत जाऊन बघते. आशा सुटत नाही बघा."

एवढी भाषणं ठोकलेली साहेबांची जीभ एका शब्दाला अडली.

"आजी... नाही मिळायचा."

म्हातारी रडली नाही. तिनं साहेबांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

"बरं केलंस लेकरा, सांगितलंस. आता लेकीच्या दारात जाऊन पडते. तिथं मरायचं नव्हतं मला, म्हणून एवढी थांबले."

ती गेली. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, मी दुरुस्त करतो. आजच्या आज. काय करू तेवढं सांगा..."

अप्पा आपल्या घोंगडीवरून उठले. साहेबांचा दंड धरून त्यांना तिथं बसवलं आणि ओसरीकडं बोट केलं.

"पुढच्याला बोलाव."