थुंकीचा सडा

खडकओहोळ गावाच्या डोक्यावरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, तो हाच. बाकी गावांत तारा तुटला की लोक हात जोडतात; इथली माणसं थुंकतात. पाहुण्यांना किळस येते. येऊ द्या, गोष्टही किळसवाणीच आहे.

फार मागे गावच्या विहिरीत वासरू पडून सडलं, असं सांगतात. पाण्याला घाण सुटली, पण उतरायला कुणी पुढे होईना. शेवटी भिवा उतरला. कुजलेलं धूड त्यानं तुकड्यातुकड्यांनी वर काढलं आणि त्यातच त्याला तापानं धरलं. गाव पाणी प्यायला मोकळं झालं.

त्या काळी समजूत अशी, की तारा तुटताना मोठ्यानं जे मागावं ते मिळतं. अन् साऱ्या गावानं एका तोंडानं मागितलं तर हमखास मिळतं. भिवाची बायको ठकू हिनं घरोघर पदर पसरला. थोरला दीर रावजी सगळ्यांदेखत म्हणाला, "आगं, माज्या पाठचा भाव त्यो. त्याच्यासाटी न्हाई मागनार, तर कुनासाटी?" ठकूला धीर आला. रोज दिवेलागणीला गाव सड्यावर जमू लागलं.

आणि एका संध्याकाळी तो आला. तारा कसला, पेटता गोळाच होता म्हणे. सड्यावर लख्ख उजेड पडला, माणसांच्या सावल्या जमिनीवरून धावू लागल्या. साऱ्यांची तोंडं उघडली.

"म्हस गाभन ऱ्हाऊ दे!"

"मला ल्योक दे!"

"गनूचं भात किडू दे!"

भिवाचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. ठकू एकेकाच्या तोंडाकडे बघतच राहिली. रावजी तर मान वर करून ओरडत होता, "भिवाचं रान माजं हू दे!" सडलेल्या वासराचीही तिला एवढी शिसारी आली नव्हती.

मग उजेड विझला, डोंगरापलीकडे गडगडलं, आणि तिच्या ध्यानात आलं की यांच्या तोंडांकडे बघता बघता आपलंच मागायचं राहिलं.

भिवा गेला. तिरडीला खांदा द्यायला तेच सगळे आले, तेव्हा ठकू दारात आडवी उभी राहिली. "सड्यावर जे मागितलंसा, ते आदी थुका," ती म्हणाली, "मंगच त्याला शिवा." माना खाली घालून सगळे थुंकले. रावजीही थुंकला.

आजही तारा तुटला की इथे थुंकायचं, तोंडातलं मागणं बाहेर टाकायचं. पण तुम्ही वर बघू नका, माणसांच्या तोंडाकडे बघा. थुंकायच्या आधी ओठ हळूच हलतात.