शंभर टक्के हिरवा बोगदा

फार लांबचं नाही आणि आपलं तर मुळीच नाही, असं एक जंगल होतं. तिथे लोकशाही होती आणि राजाही होता. गवा बलभद्र महाराज दर निवडणुकीत निवडून येत, कारण उभे तेच राहत.

जंगलाच्या मधोमध डोंगर होता. चारा अलीकडे, पाणी पलीकडे. उन्हाळ्यात म्हातारी जनावरं डोंगर चढता चढता वाटेत बसत आणि काही परत उठत नसत. साळिंदर गोदाक्काचा नवरा असाच बसला होता. म्हणून डोंगरातून बोगदा काढायचं ठरलं, तेव्हा माती उकरायला गोदाक्का सगळ्यांच्या आधी हजर झाली.

बोगदा झाला. आत डांबर ओतलं. धुराला बाहेर पडायला वाट मिळेना आणि उद्घाटनाला आलेले ससे फीत कापायच्या आधीच आडवे झाले. मग बांधकाममंत्री तरस हसमुखराव यांनी सभा घेतली.

"बंधू-भगिनींनो, डांबर हे मागच्या राजवटीचं पाप आहे!" मागची राजवटही बलभद्रांचीच होती, पण टाळ्या पडल्या. "आमचा रस्ता पर्यावरणपूरक असेल! वाळलेलं गवत, मोहाची फुलं आणि शेण! शंभर टक्के हिरवा!"

"गवत आणि मोह आणणार कुठून?" गोदाक्काने विचारलं.

"कोठारातून."

"अहो, ती आमची उन्हाळ्याची बेगमी आहे!"

"अक्का, विकासाच्या आड येऊ नका!" सातभाई पक्षी कलकलले. ते सरकारचे प्रवक्ते होते. सातही एकदम बोलत आणि एकच बोलत.

कोठार रिकामं झालं. अर्धा माल बोगद्यात अंथरला गेला, अर्धा हसमुखरावांच्या वाड्याकडे वळला. तरस गवत खात नाही हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कुणालाही संशय आला नाही.

बोगद्यात वारा नव्हता, ऊब होती. थोड्याच दिवसांत मोहाची फुलं आंबली आणि त्यांचा वास आत कोंडून राहिला.

पलीकडे महाराजांचा मुक्काम होता. गोदाक्का कोठाराचा जाब विचारायला तणतणत बोगद्यात शिरली आणि दुसऱ्या तोंडाने डुलत बाहेर पडली. "बलभद्र महाराजांचा विजय असो!" असं ओरडून तिने समोरच्या सशाला कडकडून मिठी मारली. ससाही बोगद्यातूनच आलेला होता. अंगभर काटे रुतले तरी तो म्हणाला, "आभारी आहे."

सकाळी तिचं डोकं ठणकत होतं आणि पोट रिकामं होतं. शेजारची मुंगूसवहिनी सांगत आली, "अक्का, काल तुम्ही हसमुखरावांना देवमाणूस म्हणालात हो!" गोदाक्काला इतकी लाज वाटली की दिवसभर ती बिळाबाहेर आली नाही. नवऱ्यासाठी उकरलेल्या मातीतून हे निघालं, हेच तिच्या मनात सारखं येत राहिलं.

तिकडे महाराजही काळजीत होते. "हसमुखराव, चारा संपला. प्रजा चिडेल."

हसमुखराव नेहमीसारखे हसले. "महाराज, बोगद्यातून गेलेलं एक तरी जनावर चिडलेलं पाहिलंत?"

महाराजांनी विचार केला. त्यांना वेळ लागला, पण केला. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं: यापुढे सर्व तक्रारी बोगद्यातच स्वीकारल्या जातील. तक्रारी बंद झाल्या. मग वर्तमानपत्राची कचेरी बोगद्यात हलवली. बातम्या आनंदाच्या येऊ लागल्या. उपाशी हरणं बरगड्या मोजत रस्त्याची स्तुती करू लागली. शेवटी निवडणूक आली आणि मतदान केंद्रही बोगद्यातच लागलं.

लोकशाही असल्यामुळे 'हो' आणि 'नको' असे दोन माठ ठेवले होते. गोदाक्काने नाकात ओली माती ठासली, 'नको'च्या माठात खडा टाकला आणि ताठ मानेने बाहेर आली. निवडणूक अधिकारी अस्वल दारातच उभं होतं.

"अक्का, तुम्ही सरळ चालताय?"

"चालतेय."

"घोषणा नाही दिली?"

"नाही. कोठारातलं गवत कुठे गेलं, ते सांगा आधी."

अस्वल कळवळलं. "तब्येत बरी नाही वाटतं तुमची. घरी जाऊन पडा."

संध्याकाळी सातभाईंनी निकाल जाहीर केला. महाराज एकमताने विजयी झाले होते. विरोधात एक मत पडलं होतं; पण चौकशीअंती मतदार शुद्धीवर असल्याचं आढळून आल्यामुळे ते बाद ठरवण्यात आलं.