हन्नाबाईची मूठ

प्रवरेच्या काठी बोरशिंगवे नावाचं शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. हातात एकतारी, अंगावर जाडाभरडा सदरा आणि मुखी ख्रिस्तनामाचा अभंग, असे शांतिदास महाराज तिथे सात वर्षं राहिले. मोठमोठ्या गावांची बोलावणी आली, पण महाराज हलले नाहीत. हे सांगताना बोरशिंगवेकरांची मान आजही ताठ होते, आणि का होऊ नये?

महाराजांच्या मंडळीत एक रीत होती. रविवारच्या उपासनेत सगळ्यांनी मिळून खायच्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं पीठ बाहेरून आणायचं नाही. दर शनिवारी पाळीपाळीनं एकेका घरानं गहू दळून द्यायचे. त्या शनिवारी पाळी आली हन्नाबाईची.

हन्नाबाई मूळची डोंगराकडची सुईण. शेकडो पोरं तिच्या हातावर जन्मली होती. पण एका बड्या घरचं मूल मेलेलं जन्मलं आणि तिथल्या गावानं तिच्यावर चेटकाचा आळ घेतला. खरं-खोटं करायला तिला उजवा हात उकळत्या तेलात घालायला लावला. हात भाजला, तेव्हा तीच माणसं म्हणाली, "बघा, खोटी!" नवऱ्यानं घराबाहेर काढलं. जखम भरली, पण बोटं आत वळली ती वळलीच. आठ वर्षं ती मूठ उघडली नव्हती. फिरत फिरत ती बोरशिंगव्यात आली, तेव्हा महाराजांनी तिला मंडळीत घेतलं, प्रभूचं नाव दिलं, आणि हळूहळू तिचं रडणं थांबलं. तरीही कुणाच्या घरी बाळंतपण निघालं की ती डोळ्यांवर पदर ओढून उठून जायची. 'मीच मारलं असेल का ते लेकरू?' हा किडा काही मनातून जात नव्हता.

डाव्या हातानं जातं ओढून तिनं पीठ दळलं आणि महाराजांसमोर आणून ठेवलं. तिथे मंडळीचे पंच शमुवेलराव बसले होते. हा माणूस नाकावर माशी बसू देत नसे.

"ह्या हाताचं पीठ प्रभूच्या मेजावर?" ते सगळ्यांदेखत कडाडले. "म्हाराज, लेकरू खाल्लेला हात हाये त्यो!"

हन्नाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

महाराज शांतपणे म्हणाले, "शमुवेलराव, आपल्या प्रभूच्या हातांवरही व्रण होते. पीठ इथेच राहील."

"मग उद्या मेजाला मी येत न्हाई!" असं म्हणून पंच मिशीला पीळ देत निघून गेले.

रविवारी पहाटे शमुवेलरावांच्या सुनेला, सुवार्ताला, कळा सुरू झाल्या. दिवस वर आला तोच बाळाचा इवलासा पाय दिसला, आणि घरात आनंदीआनंद! पायाळू माणूस म्हणजे भाग्याचा, तो जमिनीखालचं पाणी दाखवतो, अशी तिकडची समजूत. "आमच्या घरी पायाळू येतोय!" म्हणत शमुवेलरावांनी आळीभर गूळ वाटला. गूळ संपला, तरी बाळ काही येईना. सासूबाई पाय धरून ओढू लागल्या, आणि सुवार्ताचे डोळे पांढरे व्हायला लागले.

मंडळीच्या देवळात उपासना चालली होती. शमुवेलराव अनवाणी धावत आले.

"म्हाराज, सून चालली माझी! दवाखाना अठरा मैलांवर. काय करू?"

महाराजांनी हन्नाबाईकडे पाहिलं. "बाई, चला."

तिनं मूठ पदराआड लपवली. "न्हाई म्हाराज! ह्या हातानं न्हाई! आनखी एक जीव गेला तर मी जगायची न्हाई."

महाराजांनी एकतारी खाली ठेवली. तिची मूठ आपल्या दोन्ही तळव्यांत धरली आणि म्हणाले, "प्रभू, दुसऱ्यांचं पाप हिनं आठ वर्षं या मुठीत सांभाळलंय. आता ते तू घे." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "हन्ना, ते मूल तू मारलं नव्हतंस."

आठ वर्षांत हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं! तिनं हंबरडा फोडला. त्या रडण्यातच हातात ऊब चढली, करंगळी हलली, मग एकेक करून पाचही बोटं उघडली. अख्ख्या मंडळीनं पाहिलं. प्रभूची करणी, दुसरं काय!

हन्नाबाईनं पदर खोचला आणि चालू लागली. तिला गाठायला पंचांना पळावं लागलं.

"सोडा त्यो पाय! वढू नगा!" उंबऱ्यातूनच तिनं सासूबाईंना दटावलं. सुवार्ताला गुडघ्यांवर बसवलं, धीर दिला, आणि त्याच बोटांनी बाळाचा अडकलेला हात अलगद सोडवून त्याला बाहेर घेतलं. पण बाळ निळं पडलेलं. आवाज नाही. आठ वर्षांपूर्वी हीच शांतता तिनं ऐकली होती.

"प्रभू, तू हायेस," ती पुटपुटली आणि बाळाची पाठ चोळत राहिली.

टँहॅ!

मुलगी झाली होती.

ती बाहेर आली तेव्हा अंगणात शमुवेलराव मागोमाग आलेल्या महाराजांच्या पायांवर पडले होते. महाराजांनी त्यांना उठवलं. "माझ्या कशाला? तिकडे वळा."

पंचांनी डोईचा फेटा काढून हन्नाबाईच्या पायांशी ठेवला आणि कपाळ जमिनीला टेकलं. "बाई, चुकलो! लई मोठ्ठा चुकलो!"

एरवी ती संकोचानं मागे सरली असती. त्या दिवशी सरली नाही. मान ताठ ठेवून तिनं तो नमस्कार पुरा होऊ दिला.

"उठा दादा," ती म्हणाली. "चुलीवर पानी ठेवा. सुनंला गार काही देऊ नगा. आन गावात कुनाला बी कळा लागल्या तर आदी मला हाक मारा. मी सुईन हाये."