येसाईने खपली मोजली

खूप जुनी गोष्ट आहे, माझ्या पणजीच्याही पणजीच्या आधीची. एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी गवळवाडा होता. बारा घरं, शंभर म्हशी आणि खवा आटवायला सगळ्यांत मिळून एकच मोठी लोखंडी कढई.

एकच का, तेही सांगते. मुळात कढया होत्या तीन. पण दूध आटवता आटवता तळाला खपली धरते, आणि ती काढायची या लोकांची रीतच अजब! वर्षातून एकदा कढई चौकात मांडायची, रंगोजी पहिलवानाने ती लोखंडी उलथन्याने खरवडायची आणि गावाने टाळ्या पिटायच्या. खरखराट जितका मोठा, तितकं काम चोख! अशा टाळ्यांत दोन कढयांना भोकं पडली. तरी टाळ्या थांबल्या नाहीत. आता काय म्हणावं या शहाण्यांना?

त्या वर्षी खपली बोटभर जाड झाली. लाकडं दुप्पट जळू लागली, खव्याला करपट वास येऊ लागला. नेमका तेव्हाच राजाचा निरोप आला, "आठ दिवसांनी राजकन्येचं लग्न आहे. खवा तुमचाच हवा. पण करपट निघाला, तर चराईचं कुरण दुसऱ्या गावाला देऊ."

कुरण गेलं तर म्हशी खाणार काय? आणि म्हशी गेल्या तर बारा घरांनी जगायचं कशावर?

रंगोजीने दंड थोपटले आणि उलथनं उचललं. तेवढ्यात येसाई आडवी आली. चाळीस वर्षं खवा आटवलेली म्हातारी, जिभेची अगदी तिखट.

"थांब रे बाबा! तळ पार पातळ झालाय. भोक पडलं तर राजाला काय, टाळ्या पाठवायच्या?"

"मग खपली काय तुला विचारून निघणार आहे?" रंगोजी गुरगुरला.

"तिलाच विचारू. किती घट्ट बसलीये ते आधी मोजू."

पाटील हसले. "येसाई, घट्टपणा काय शेरात मोजतात?"

"दगडांत मोजतात, पाटील. बघा तरी."

तिने अडगळीतली एक फुटकी कढई विहिरीपाशी आणवली आणि भोक ओल्या मातीने बुजवलं. तिच्यातही तसलीच खपली होती. एका लाकडी खरवडणीला तिने दोरी बांधली, दोरी विहिरीच्या चाकावरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला टोपली लटकवली. चौघांनी कढई धरून ठेवली. टोपलीत सारखे दगड एकेक करून पडू लागले. दोरी ताणत गेली, आणि खपली सुटली तसे दगड मोजले. एकोणीस!

मग साध्या पाण्यात दिवसभर भिजलेली खपली मोजली. अकरा दगड. मग गरम पाण्यात मूठभर चुलीची राख कालवून त्यात भिजवली. दगड लागले फक्त तीन!

रंगोजीला राहवेना. "मुठीने तीन, तर पाच मुठींनी दगडच नको!" त्याने दुसरी फुटकी कढई तशीच बुजवली आणि तिच्यातल्या गरम पाण्यात भसाभसा राख ओतली. भिजल्यावर मोजले तर दगड चौदा! खपली कातड्यासारखी चिवट झाली होती. रंगोजीचं तोंड एवढंसं झालं.

"हिरमुसू नकोस," येसाई म्हणाली. "तू ओतलीस म्हणून तर कळलं. नाहीतर हीच चूक चांगल्या कढईत झाली असती."

चांगल्या कढईत मोजून मूठभर राख पडली. दिवसभर भिजल्यावर येसाईने लाकडी खरवडणी रंगोजीच्याच हाती दिली. "तीन दगडांइतकाच जोर लाव. वर कणभर नको."

जन्मात पहिल्यांदा रंगोजीने हात आवरून काम केलं. बिचारा घामाघूम झाला! पण खपली अशी अलगद उचलली गेली, जशी तव्यावरून भाकरी. खाली निळसर काळा तळ गुळगुळीत, ओरखडा म्हणून नाही. गवळवाडा आनंदाने ओरडला. रंगोजीने येसाईला खांद्यावर घेतलं आणि चौकभर नाचला. "अरे मेल्या, पाडशील!" म्हणत म्हातारी हसत होती, डोळे पुसत होती.

कढई स्वच्छ धुऊन दूध चढवलं. खवा पांढराशुभ्र उतरला, करपट वासाचं नाव नाही. लग्नाच्या पंगतीत राजाने तो दोनदा मागून घेतला, आणि कुरण गवळवाड्याला कायमचं लिहून दिलं.

म्हणून लहानथोरांनो, जोर लावण्याआधी अडचण किती घट्ट आहे ते मोजा. मोजून लावलेला थोडा जोर आंधळ्या ताकदीला भारी पडतो.