चिरकीची पोचट शेंग

माळाच्या कडेला एक शेत होतं. एवढंसंच!
शेत ठकूमावशीचं. बांधावर बोरीचं झाड. बोरीत राहायची एक खार. तिचं नाव चिरकी. चिरकीला तीन पिल्लं.

ठकूमावशी शेतात भुईमूग लावायची. कडेची एक ओळ राखून ठेवायची. म्हणायची, "ही ओळ तुझी गं, चिरके!"

एकदा काय झालं?
चिरकी आली शेतात. तुरुतुरु, तुरुतुरु.
माती उकरली. खर्र खर्र.
शेंग काढली. फोडली. कट्!
आत काय? काहीच नाही!
दुसरी फोडली. कट्! काहीच नाही!
तिसरी फोडली. कट्! काहीच नाही!

"अगंबाई!" चिरकीचे डोळे झाले मोठ्ठे. शेपटी फुलली, टम्म!
बोरीत पिल्लं ओरडत होती. "आई, भूक! आई, भूक!"
बोरं अजून हिरवीगार. आता पिल्लांना द्यायचं काय?

चिरकी भुईमुगाच्या झाडाला म्हणाली,
"झाडा झाडा, शेंग भर.
माझी पिल्लं उपाशी!"

झाड बारीक आवाजात म्हणालं, "मी नाही भरणार. माती मला खाऊ देत नाही."
"अगंबाई! खाऊ देत नाही?" शेपटी फुलली, टम्म!

चिरकी मातीकडे वळली. मातीला कान लावला.
"माती माती, खाऊ दे.
झाड शेंग भरेना.
माझी पिल्लं उपाशी!"

माती म्हणाली, "मी नाही देणार. माझंच पोट रिकामं! मावशी मला शेणखत घालत नाही."
"अगंबाई! खत घालत नाही?" शेपटी फुलली, टम्म!

चिरकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली मावशीच्या अंगणात.
"मावशी मावशी, खत घाल.
माती खाऊ देईना.
झाड शेंग भरेना.
माझी पिल्लं उपाशी!"

मावशी टोपलीपाशी बसली होती. टोपलीत वांगी. जांभळी वांगी पिवळी पडलेली!
मावशी म्हणाली, "कुठून घालू गं? एका बैलाचं शेण पुरत नाही. वांगी बाजारात विकायची, तिथूनच खत आणायचं. पण किती बाजार हुकले बघ. ही गाडी बाजाराला जात नाही."
"अगंबाई! बाजाराला जात नाही?" शेपटी फुलली, टम्म!

चिरकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली गाडीकडे. एका बैलाची छोटी गाडी. चाकावर कोळ्याचं जाळं!
"गाडी गाडी, बाजाराला जा.
मावशी खत घालेना.
माती खाऊ देईना.
झाड शेंग भरेना.
माझी पिल्लं उपाशी!"

गाडी करकरली. "मी नाही जाणार. पाखऱ्या मला ओढत नाही."
"अगंबाई! पाखऱ्या ओढत नाही?" शेपटी फुलली, टम्म!

चिरकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली गोठ्यात. पाखऱ्या बैल उभा होता. तीन पायांवर!
"पाखऱ्यादादा, गाडी ओढ.
गाडी बाजाराला जाईना.
मावशी खत घालेना.
माती खाऊ देईना.
झाड शेंग भरेना.
माझी पिल्लं उपाशी!"

पाखऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही ओढणार. खुरात काटा आहे. तो निघत नाही."
"अगंबाई! खुरात काटा?" शेपटी फुलली, टम्म!

पाखऱ्याने पाय वर केला. चिरकी खुरापाशी गेली. हळू... हळू...
"काट्या काट्या, बाहेर ये.
पाखऱ्या गाडी ओढेना.
गाडी बाजाराला जाईना.
मावशी खत घालेना.
माती खाऊ देईना.
झाड शेंग भरेना.
माझी पिल्लं उपाशी!"

काटा म्हणाला, "मी नाही येणार! मी रुतून बसलोय. मला ओढायला बारीक दात लागतात."

बारीक दात? कुणाचे बरं?
चिरकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. गोठ्यात दुसरं कुणीच नव्हतं.
"अगंबाई! माझेच की!"

खूर केवढा! चिरकी केवढीशी! पाय खाली आला तर?
चिरकीची छाती धडधडली. धडधड, धडधड.
"दादा, हलू नको हं!"
"नाही हलणार, चिरके."

चिरकीने काटा दातात धरला. ओढला. निघेना.
पुन्हा ओढला. निघेना.
डोळे मिटले, पाय रोवले आणि... टुप्प!

काटा आला बाहेर! चिरकी पडली गवतात!
"हम्मा!" पाखऱ्या ओरडला.

मावशी धावत आली. काटा पाहिला आणि कपाळावर हात मारला.
"अगंबाई! एवढा काटा! मला वाटलं, तू रुसलायस रे! चुकले मी, बाळा."
मावशीने खूर धुतला. हळद लावली. पाखऱ्याच्या मानेला मिठी मारली.

चार दिवसांनी पाय बरा झाला. मावशीने ताजी वांगी तोडली. टोपल्या गाडीत ठेवल्या.

मग काय विचारता!
पाखऱ्याने गाडी ओढली. खडखड, खडखड.
गाडी बाजाराला गेली.
वांगी विकली. मावशीने शेणखत आणलं. नवं बीही आणलं.
मावशीने खत घातलं. माती पोटभर जेवली.
तोवर बोरं पिकली. पिल्लांनी बोरं खाल्ली.
मावशीने बी पेरलं. पाणी पाजलं.
मातीने झाडाला खाऊ दिला.
झाडाने शेंगा भरल्या.

मावशीने एक झाड उपटलं आणि उभीच राहिली!
"अगंबाई! एका झाडाला एवढ्या शेंगा?"
दुसरं उपटलं. तेवढ्याच!
तिसरं उपटलं. त्याहून जास्त!
"चिरके, अगं चिरके, ये लवकर! यंदा तुला दोन ओळी!"

चिरकी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. मागून तीन पिल्लं. तुरु, तुरु, तुरु.
चिरकीने शेंग काढली. कानापाशी हलवली. खुळखुळ!
फोडली. कट्!
एक दाणा. दोन दाणे. तीन दाणे!

मोठ्या पिल्लाने खाल्ला. मधल्या पिल्लाने खाल्ला.
धाकट्याने तोंडात धरला आणि ते बसल्या बसल्या झोपी गेलं.

शेंग भरली, पिल्लं निजली,
चला, आपणही निजू!