तात्याचा रेडिएटर

एका घाटाच्या पायथ्याशी, जुन्या काळच्या एका गॅरेजात, तात्या नावाच्या म्हाताऱ्या ट्रकला नवं दांडगं इंजिन बसलं. आता ते गार ठेवायला रेडिएटर निवडायचा होता. यंदा घाटात तापला, तर तात्याची रवानगी भंगारात होणार होती.

"मला लावा," चकचकीत रेडिएटर म्हणाला, "सगळा रस्ता वळून बघेल."

पोचे पडलेल्या पितळी रेडिएटरने विचारलं, "तात्या, इंजिन तापतं किती? माल किती भरता? घाट केवढा?"

माझी एवढी विचारपूस दुसरं करतंय कोण, म्हणून तात्याने त्यालाच छातीशी घेतलं.

भरल्या मालानिशी तात्या दमानं घाट चढला. माथ्यावर नारळ फुटला.

"बघितलात माझा जोर?" इंजिन गुरगुरलं.

"तू का रे गप्प?" तात्याने रेडिएटरला विचारलं.

"बोलू द्या त्याला, तात्या. गार राहिलंय म्हणून तर बोलतंय."