मॅकनॅबसाहेबाचे आबा

बोरघळच्या माळावर मॅकनॅबसाहेबानं बंगला बांधला, शेजारच्या तळ्याला कुंपण घातलं आणि फर्मान काढलं, "या पाण्यावर फक्त आमच्या घराण्याचा हक्क!" आबा धनगरांची मेंढरं तहानेनं कासावीस झाली. तेव्हा त्यांची नात भिवरा आजोबांचा हात धरून थेट बंगल्यावर गेली.

साहेबाला मराठी यायचं आणि त्याचा तोराही होता. "पोरी, आमचं घराणं काय आहे, ठाऊक आहे? आमच्या गेलिक भाषेत मॅकनॅब म्हणजे 'मॅक अन आबा'. मॅक म्हणजे मुलगा, अन म्हणजे 'चा'. आबाचा मुलगा!"

भिवराचे डोळे चमकले. "अगंबाई! आबा, हा तर तुमचाच की! जरा उन्हात रापायचा राहिलाय, एवढंच."

आबांनी साहेबाला नीट निरखलं. "नाक आपल्यातलं नाही गं," ते म्हणाले.

ओट्यावरचा शिपाई तोंडात पागोट्याचा शेव कोंबून हसू लागला.

"मूर्ख पोरी!" साहेब गरजला. "आमचा आबा म्हणजे मठाचा महंत! थोर संन्यासी, जन्मभर ब्रह्मचारी!"

"असं होय?" भिवरानं भोळा चेहरा करून विचारलं. "मग ब्रह्मचाऱ्याला मुलगा कसा झाला, सायेब?"

साहेब डोकं खाजवू लागला.

"नीट आठवून सांगा," भिवरा म्हणाली. "तुम्ही त्या महंताचे की आमच्या आबांचे? गावात सगळे विचारतील मला."

साहेबानं शिपायाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि कुंपणाचं फाटक स्वतःच्या हातानं उघडलं.

"या आबा," तो पडेल आवाजात म्हणाला, "मेंढरं पाण्यावर सोडा."